वगळलेले आठ दिवस

सेलू, जि. वर्धा
१८ ऑगस्ट २०२५

नयन,

हे पत्र आई म्हणून लिहीत नाही, तक्रारदार म्हणून लिहिते आहे. तुमच्या ॲपमध्ये तक्रार करायची जागा मी दोन दिवस शोधली. शेवटी एक चौकोन सापडला. त्यात लिहायला लागले तर शंभर अक्षरांनंतर पुढे जाईना. माझी तक्रार शंभर अक्षरांत मावत नाही, हे तुला तरी माहीत आहे.

फोन करता आला असता. पण फोनवर मी चिडते आणि तू गप्प बसतेस. दोन वर्षांत आपण चारदा बोललो, दोन वाढदिवस, एक दिवाळी आणि एक पाडवा, आणि चारही वेळा जेमतेम दोन-दोन मिनिटं. कागदावर निदान मला खोडता येतं.

तर तक्रार अशी. आपल्या घरासमोर पाण्याच्या टाकीखाली तुमच्या कंपनीची गाडी रोज सकाळी भाजी घ्यायला येते. आधी पद्धत काय होती? संध्याकाळी आकांक्षा नावाची मुलगी वर्ध्याच्या ऑफिसातून एकेका बाईला फोन करायची. उद्या काय आणता, किती आणता, आज वांगी फार आली तर उद्या कमी आणा, असं बोलायची. बायाही बोलायच्या. चार-पाच मिनिटांत काम व्हायचं आणि गाडीत बरोबर तेवढे क्रेट यायचे.

जुलैपासून तुम्ही फोन बंद केले. आता म्हणे सहाच्या आत ॲपमध्ये भाजी निवडायची, किलो टाकायचे, आणि दुसऱ्या दिवशी 'आजचा अनुभव कसा होता' म्हणून पाच चेहरे येतात, रडक्यापासून हसऱ्यापर्यंत, त्यातला एक दाबायचा. ॲपमध्ये कोथिंबीर आहे. इथे तिला सांबार म्हणतात. चित्र नखाएवढं आहे, त्यात ती मेथीही असू शकते. आणि किलो कुणाला माहीत आहे? सखूबाई टोपल्यावर माल सांगते, मोठं टोपलं की लहान. टोपल्याचं बटण तुम्ही ठेवलेलं नाही.

परिणाम असा की रोज दुपारी साडेचारपासून माझ्या अंगणात त्रेचाळीस बाया-माणसं बसलेली असतात. का बसतात ते त्यांना विचार. माझी झोपमोड होते, एवढंच मी सांगते.

तुझे बाबा म्हणतात, हा बदल तू स्वतः सुचवलेला आहेस आणि त्याचं मोजमाप सेलूत चाललं आहे. ते तुझ्याशी फोनवर बोलायला गोठ्यामागे जातात. त्यांना वाटतं मला ऐकू येत नाही. वीज मंडळात खांबावरून खाली ओरडण्यात त्यांची तीस वर्षं गेली, त्यांचं कुजबुजणं चौकापर्यंत ऐकू येतं.

उत्तराची अपेक्षा नाही. दखल घ्यावी.

विमल झाडे
(निवृत्त शिक्षिका, गणित)


सेलू
१४ सप्टेंबर २०२५

नयन,

पहिल्या पत्राची दखल घेतली गेली नाही, हे अपेक्षेप्रमाणेच झालं. ते राहू दे. आज वेगळ्याच गोष्टीने माझं डोकं फिरलं आहे.

१ ते ८ सप्टेंबर मी घरी नव्हते. कुठे होते ते महत्त्वाचं नाही. परत आले तर टाकीखाली सडक्या वांग्यांचा वास. सखूबाईने सांगितलं ते असं: त्या आठ दिवसांत त्रेचाळीसपैकी नऊ जणांनाच ॲपमध्ये भाजी टाकता आली, तीही घरात शिकलेली सून आहे म्हणून. गाडी नऊ जणांचे क्रेट घेऊन आली आणि नऊ जणांची भाजी घेऊन गेली. बाकीच्या बाया बारापर्यंत रस्त्यावर बसल्या. ड्रायव्हरला विनवण्या केल्या, तर तो म्हणाला, यादीत नाव नाही. तानबा माळवी, पंच्याहत्तर वर्षांचा माणूस, त्याने चार दिवस भेंडी तोडून आणली आणि चार दिवस परत नेली. पाचव्या दिवशी तोडलीच नाही. भेंडी दोन दिवस झाडावर राहिली की दोरखंड होते, हे तुला माहीत असायला हवं, तुझं लहानपण तानबाच्या वाडीतच गेलं आहे.

मला वाटलं, आता तुमच्या ऑफिसात धावपळ उडाली असेल. त्रेचाळीसवरून नऊ म्हणजे काय साधी गोष्ट आहे? मी वाट पाहिली. काल तुझे बाबा गोठ्यामागून खुशीत आले. म्हणाले, "नयनचे आकडे एक नंबर आले. ते मधले आठ दिवस तिनं धरलेच नाई. गणपती-महालक्ष्म्यांमुळे गडबड होती म्हणे."

मी हातातलं भांडं खाली ठेवलं.

नयन, मी एकतीस वर्षं मुलींना सरासरी शिकवली. दहा आकड्यांत एक आकडा वेडावाकडा आला तर आधी तो वेडावाकडा का आला ते विचारायचं, मग खोडायचा, हे मी फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल? तुझ्याच वर्गात लिहिलं आहे. सणाला भाजी कमी लागते का? महालक्ष्म्यांच्या जेवणाला सोळा भाज्या लागतात. तुझ्याच घरी दर वर्षी लागायच्या, निवडायला तूच बसायचीस.

ते आठ दिवस परत बघ. एवढंच सांगते. का बघ, ते आत्ता सांगत नाही.

अक्षर वाकडं आलं असेल तर पेन खराब आहे.

आई


सेलू
२६ ऑक्टोबर २०२५

नयन,

दिवाळीला आली नाहीस. तुझे बाबा दोन्ही दिवस फाटकाशी खुर्ची टाकून बसले होते. मी बसले नव्हते, मला कामं होती.

आज पेन खराब नाही. डावा डोळा खराब होता. मोतीबिंदू. सप्टेंबरातले आठ दिवस मी वर्ध्याला दवाखान्यात आणि नंतर तुझ्या मावशीकडे होते. तुला सांगायचं नाही म्हणून बाबांना शपथ घातली होती. आता उत्तम दिसतं. इतकं उत्तम दिसतं की घरातल्या सगळ्या कोपऱ्यांची लाज वाटते.

हे सांगितलं, कारण यापुढचं सांगायचं आहे. तीन वेळा कागद फाडला.

आकांक्षा परवा भेटायला आली होती. तिचं सेलूचं काम गेल्यापासून ती आर्वीच्या बायांना फोन करते. तिच्याकडून कळलं की सेलूच्या आकड्यांवरून तुम्ही एक डिसेंबरपासून तुमच्या तीनही जिल्ह्यांत फोन बंद करणार आहात आणि सगळीकडे फक्त ॲप. आणि हेही कळलं की त्यानंतर तू अख्ख्या टीमची प्रमुख होणार. ती तुझं कौतुक करत होती. तिची स्वतःची नोकरी त्यात जाणार आहे, तरी करत होती. मी तिला चहा दिला आणि माझ्या हातातून कप निसटला.

कारण सेलूचे आकडे खोटे आहेत. ते मी केले आहेत.

बाया माझ्या अंगणात का बसतात, तर मोबाइल द्यायला. एका परातीत त्रेचाळीस मोबाइल जमतात. मी एकेक उचलते, टोपल्याचे किलो करते, भाजी निवडते, बटण दाबते. चाळीस सेकंदांत एक. तुझे बाबा अभिमानाने सांगत होते की तुमच्या मोजणीत सेलूचा शेतकरी चाळीस सेकंदांत काम संपवतो, आधी फोनवर चार मिनिटं लागायची. ते चाळीस सेकंद सेलूच्या शेतकऱ्याचे नाहीत. ते गणिताच्या एका रिकामटेकड्या बाईचे आहेत.

आणि चेहरे. सगळ्यात शेवटचा, दात दाखवणारा हसरा चेहरा, रोज त्रेचाळीस वेळा, जुलैपासून मीच दाबत आले आहे. कुणाला विचारलं नाही. मोबाइल हातात होता आणि तो चेहरा तुझ्याकडे जाणार हे मला माहीत होतं. बाबांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं की ॲप तुझं आहे. मला दुसरं काही सुचलं नाही. फोनवर तुला धड दोन वाक्यं बोलू शकत नाही अशी बाई, तिच्या हातात एकदम त्रेचाळीस अंगठे आले.

म्हणून मी नव्हते त्या आठ दिवसांत खरं काय ते दिसलं. तू खोडलेस तेच दिवस खरे होते. बाकीचे सगळे दिवस म्हणजे मी होते.

आता दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीबद्दल. मी पाहुण्यांसमोर हसत हसत सांगितलं की नववी-दहावीत प्रत्येक पेपरात मी तुझे दोन मार्क कापायचे, बाईंची मुलगी म्हणून फायदा मिळाला असं कुणी म्हणू नये म्हणून. मला वाटलं होतं, सगळे हसतील. हसलेही. तू म्हणालीस, "मग मी किती हुशार होते, हे मला कधी कळलंच नाही, आई." आणि सकाळच्या गाडीने पुण्याला निघून गेलीस.

तेव्हा मी म्हणाले होते, दोन मार्कांनी काय होतं. मी गणिताची शिक्षिका. मी हे म्हणाले.

शाळेत मी तुझं माप दोनने कमी केलं आणि आता त्रेचाळीसने वाढवलं. खरं माप मी तुला एकदाही दिलं नाही. हे पत्र तू साहेबांना दाखव. माझं नाव दे. तुझी बढती जाईल हे मला कळतं. कळूनच लिहिते आहे.

आई


सेलू
४ नोव्हेंबर २०२५

नयन,

उत्तर नाही. बरोबर आहे. मीही दिलं नसतं.

पण कबुली देऊन मोकळं व्हायचं, हे आमच्या कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टरांना चालायचं नाही. चूक लिहिली की खाली दुरुस्ती लिहायची. म्हणून मी ठरवलं की यापुढे चेहरा ज्याचा त्याने दाबायचा. गुरुवारी सगळ्यांना अंगणात बसवलं आणि वर्गात सांगावं तसं सांगितलं: हा रडका, हा नाराज, हा मधला, हा बरा, हा खूश. आपल्याला आज जे वाटलं तोच दाबायचा. कुणाचं बघायचं नाही.

त्या दिवशी गाडी दोन तास उशिरा आली होती. सखूबाईचा सांबार सुकून गेला होता आणि ती सकाळपासून ड्रायव्हरच्या सात पिढ्या काढत होती. मला वाटलं, आता बघा.

तिने हसरा दाबला.

मी म्हटलं, सखूबाई, सकाळी तर तू त्या माणसाला गाडीखाली घालायला निघाली होतीस. तिने मोबाइल पदराने पुसला आणि विचारलं, "बाई, हे तोंड कोणाले दिसते?"

"नयनला. पुण्याला."

"मंग हासरंच राहू द्या. घरून पोरीले रडकं तोंड कोण पाठवते?"

मागून तानबा म्हणाला, "मीबी हासरंच दाबलं. लेकरू एकटं रायते तिकडं."

त्रेचाळीसपैकी त्रेचाळीस हसरे. मी चिडले. हा तुमच्या मालाचा प्रश्न आहे, पोरीचा नाही, असं बरंच बोलले. एकीनेही ऐकलं नाही. प्रमिलाबाई तर म्हणाली की बाई डोळ्याच्या ऑपरेशनपासून जास्तच तडकतात.

नयन, मी तुला काय सांगू? तुमच्या ऑफिसात कुणी तरी विचार करून पाच चेहरे काढले असतील. पण या लोकांनी आयुष्यात कधी कुणाला कागदावर किंवा काचेवर रडकं तोंड पाठवलेलं नाही. मुलगी दूर असली की घरचं आजारपण तिला महिन्याने कळवतात. मीही मोतीबिंदू लपवला, आणि मी तर कॉन्व्हेंटची. हे लोक भांडतील, शिव्या देतील, पण समोर माणूस असेल तर, किंवा कानाला फोन असेल तर. आकांक्षाला ते सगळं सांगायचे. दर संध्याकाळी ती पहिली दोन मिनिटं शिव्याच ऐकायची आणि मग भाजी लिहून घ्यायची. ती दोन मिनिटं तुम्ही वाया गेलेला वेळ म्हणून मोजलीत. खरी मोजणी तीच होती.

हे मी तुझा बचाव म्हणून लिहीत नाही. माझाही नाही. तू मोजायला निघालीस आणि अख्खं गाव तुझ्यावर माया करत बसलं. असल्या गावात मोजमाप करणं अवघड आहे, एवढंच.

काहीही कर, पण एक डिसेंबरच्या आधी कर. आर्वीत, तळेगावात माझ्यासारखी बाई प्रत्येक टाकीखाली बसलेली नसेल.

आई


सेलू
२७ नोव्हेंबर २०२५

नयन,

१७ तारखेला संध्याकाळी पाच वाजता परातीतला एक मोबाइल वाजला. सखूबाईचा. तिला तो हाताळता येत नाही, म्हणून ती नेहमीप्रमाणे मोठ्या आवाजावर टाकून बोलली. मी स्वयंपाकघरात होते. पलीकडून आवाज आला, "सखूबाई, मी नयन. ॲपवाली. तुमच्याशी बोलायला वेळ आहे का?"

मी गॅस बंद केला.

तू तिला विचारलंस, ॲपमध्ये स्वतः कधी काही दाबलं का. ती म्हणाली, "नाई बा. आपली बाई दाबते." मी दाराआड उभी होते आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग तू विचारलंस, आधीचं बरं होतं की आताचं. तू गावची लेक असलीस तरी या वेळी कानावर माणसाचा आवाज पडत होता, त्यामुळे तिने तोंड सोडलं. ड्रायव्हरपासून सुरुवात केली. मग म्हणाली, "आधी ते पोरगी सांगे, वांगे कमी आणजो, उद्या भाव नाई. आता कोण सांगते? गाडी बोलत नाई नं." तू म्हणालीस, "थांबा, लिहून घेते. परत सांगा." आणि ती परत सांगू लागली. तुझ्या आवाजात मधेच वऱ्हाडी येत होती. पुण्याला इतकी वर्षं राहून ती गेली नाही, हे मला माहीत नव्हतं. बावीस मिनिटं. मी घड्याळ लावलं होतं.

फोन ठेवल्यावर सखूबाईने मला हाक मारली. मी बाहेर आले नाही. तिला सांगितलं, कांदा चिरते आहे.

त्यानंतर रोज तीन फोन येतात. अंगणात आता परात मधोमध ठेवतात आणि कुणाचा वाजतो त्याची वाट बघतात. तानबाचा आज आला, तेहतिसावा. त्याने तुला भेंडीबद्दल थोडं आणि स्वतःच्या गुडघ्यांबद्दल फार सांगितलं. तू गुडघेही लिहून घेतलेस असं तो म्हणतो.

तुझ्या बाबांनी मला सगळं सांगितलं, या वेळी गोठ्यामागे न जाता. तू साहेबांना स्वतः पत्र लिहिलंस की सेलूची मोजणी चुकली. माझं नाव न घालता. एक डिसेंबर पुढे ढकलला. आर्वीचे फोन चालू राहतील. टीमची प्रमुख दुसरी कुणी तरी झाली. बाबा हे सांगताना माझ्याकडे न बघता गाईच्या कानामागे खाजवत होते. मग म्हणाले, "एक निरोप आहे तुले. ते आठ दिवस तिनं परत धरले म्हणे."

मी तिथेच गोठ्यात शेणाच्या पाटीवर बसले. साडी खराब झाली. तेही शेजारी येऊन बसले, मग त्यांचंही धोतर खराब झालं.

तुझं नुकसान झालं, नयन. ते मी भरून देऊ शकत नाही. चांगलं केलंस, असं म्हणायचा हक्कही मला नाही, कारण मार्क देण्याचं काम मी सोडलं आहे. पण साहेबांना लिहिलेला तो कागद मी तपासला असता तर एकही मार्क कापता आला नसता. हे माप खरं आहे. ठेवून घे.

आता कामाचं. तू यादीप्रमाणे फोन करतेस, हे माझ्या लक्षात आलं. यादीत त्रेचाळीस नावं आहेत आणि त्यात माझं नाही, कारण मी काही पिकवत नाही. म्हणून काल आकांक्षाला बोलावून मी रीतसर माझं नाव नोंदवलं. आपल्या विहिरीजवळचा कढीपत्ता, रोज अर्धा किलो. झाड त्यात संपेल, पण ते माझं मी बघेन. आज सकाळी गाडीने माझी जुडी नेली. ड्रायव्हर हसला. मी त्याला यादी दाखवली, नाव आहे की नाही ते बघ म्हटलं.

माझा क्रमांक चव्वेचाळीस. रोज तीन या हिशेबाने, रविवार धरून, माझी पाळी सोमवारी येते. हे पत्र तुला त्याआधी मिळेल की नाही, ठाऊक नाही. मिळालं नाही तरी चालेल, यादी तुझ्यासमोर असेलच. अनुभव कसा होता असं विचार. मी कुठलाही चेहरा दाबणार नाही, तोंडाने सांगेन, आणि खरं सांगेन, बरं-वाईट दोन्ही. तुझंही ऐकेन. मधे बोलणार नाही, याचा सराव तुझ्या बाबांवर सुरू केला आहे.

सखूबाईला बावीस मिनिटं दिलीस. मला त्याहून कमी दिलीस तर मी तक्रार करीन.

आई